डाव्या विंगेतल्या इंदूकाकू

नाटकाच्या दिवशी इंदूकाकू हातातल्या काचेच्या बांगड्या वर कोपराकडं चढवायच्या आणि त्यांच्यावर रुमाल घट्ट बांधायच्या. बांगड्या वाजू नयेत म्हणून. काढूनच का ठेवत नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "नवरा म्होरं स्टेजवर उभा आसताना बांगड्या काढू व्हय रं? आक्कल हाय का?" मग तोंडात खडीसाखरेचा खडा, खोकल्याची उबळ येऊ नये म्हणून. बुडाखाली घडी घातलेलं बारदान, कारण खुर्ची कुरकुरते. मांडीवर नाटकाचं पुस्तक आणि हातात छोटी बॅटरी. एवढी तयारी झाली की त्या डाव्या विंगेत ठाण मांडायच्या आणि शेवटचा पडदा पडेपर्यंत उठायच्या नाहीत.

आमच्या गावच्या नाट्य मंडळाच्या त्या प्रॉम्प्टर. त्यांना जाऊन आता दुसरं वर्ष लागलं. त्या गेल्या तेव्हापासून आमच्या यात्रेत नाटक झालेलं नाही. बैलगाड्यांच्या शर्यतीला घाट मिळाला, तमाशाला मैदान मिळालं, मोठ्या आवाजाचा ऑर्केस्ट्राही झाला. नाटकाचं काय झालं हे कुणी विचारलंसुद्धा नाही, आणि या गोष्टीचा मला राग आहे. तो कुठं तरी काढायचा म्हणून लिहायला बसलोय असं समजा.

गाव आमचं महाळुंगे पडवळच्या अलीकडं. वारूळवाडीत माझं मोटारपंपांचं दुकान आहे, सकाळी मोटारसायकलवरून जातो, दिवस मावळायच्या आत परत येतो. मंडळात मी पहिल्यापासून आहे, पण मला कायम साहेबाची कामं. तलाठी, वकील, फौजदार, बँकेचा मॅनेजर. इस्त्रीची पँट घालणारा माणूस मंडळात मी एकटाच, त्यामुळं अभिनयाचा प्रश्न कधी उपस्थितच झाला नाही.

नायकाची कामं दत्तूकाकांची. इंदूकाकूंचे यजमान. धिप्पाड गडी, मिशा खऱ्या, आवाज असा की माइक बंद पडला तरी मागच्या आंब्याखालच्या माणसाला ऐकू जावा. फक्त एक पंचाईत होती. काकांना पाठांतर व्हायचं नाही. त्यांची पिठाची गिरणी वेशीजवळ आहे. दिवसभर गिरणी काकू चालवायच्या आणि काका मळा बघायचे. संध्याकाळी गिरणी बंद झाली की काकू जमिनीवर सांडलेलं पीठ झाडत झाडत काकांकडून त्यांची वाक्यं म्हणवून घ्यायच्या. असं करता करता काकांचं तर पाठ झालं नाहीच, काकूंचं मात्र सगळं नाटक तोंडपाठ व्हायला लागलं. तेव्हा कुणीतरी सुचवलं की वहिनींनाच विंगेत बसवा.

त्या पहिल्या वर्षीची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

काकूंचा आवाज गिरणीतला होता. पट्टा फिरत असताना, जात्याची घरघर चालू असताना, दारातल्या गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हणजे आवाज तसाच लागतो. "बाजरी बारीक का जाड वं?" हे त्यांनी विचारलेलं रस्त्यापलीकडच्या सोसायटीत ऐकू यायचं. नाटकात काका राजाचं काम करत होते. दरबार भरला, काका मिशीला पीळ देऊन उभे राहिले आणि विसरले. काकूंनी विंगेतून शब्द दिला तो त्याच आवाजात. "प्रधानजी!" सगळ्या मैदानानं ऐकला. काकांनी म्हटलं, "प्रधानजी!" पुढचं वाक्यही आधी विंगेतून आलं, मग राजाच्या तोंडून. तिसऱ्या वाक्याला पब्लिक काकूंबरोबर म्हणायला लागलं. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली आणि आमचं ऐतिहासिक नाटक तिथंच बुडालं.

पडदा पडल्यावर काका मुकुट घातलेल्या अवस्थेत विंगेत आले आणि आम्हा सगळ्यांसमोर काकूंना म्हणाले, "परत तुझा आवाज भाईर आला, तर इंगेत पाय ठिवायचा न्हाई. सांगून ठिवतो."  काकूंनी पुस्तक मिटलं, बारदान उचललं आणि त्या गेल्या.

पुढच्या यात्रेपर्यंत त्यांनी काय केलं ते देव जाणे. पण पुढच्या वर्षी विंगेत बसलेल्या बाई वेगळ्याच होत्या. आवाज नुसत्या श्वासाचा. हातभर अंतरावरच्या नटाला स्वच्छ कळायचा आणि पडद्याची दोरी धरून उभ्या असलेल्या माणसाला पत्ता नसायचा. काकांना नाटकभर शब्द मिळत गेले आणि लोकांना वाटलं, औंदा दत्तूशेठनी पाठ केलेलं दिसतंय.

प्रॉम्प्टिंगमध्ये काकूंचे काही नियम होते, आणि ते त्या नव्या पोरांना रागावून सांगायच्या. "शब्द द्यायचा, वाक्य द्यायचं न्हाई. वाक्य दिलं की नट आळशी व्हतो." हा पहिला. विसरलेल्याला आणि मुद्दाम थांबलेल्याला वेगळं ओळखायचं, हा दुसरा. "थांबलेला मानूस समोर बघतो आन् इसारलेला मानूस पायाकडं बघतो," असं त्यांचं म्हणणं. मी तालमीत मुद्दाम पायाकडं बघून त्यांना फसवायला जायचो. त्या शब्द द्यायच्या नाहीत. नुसतं पुस्तकावरून वर बघायच्या आणि म्हणायच्या, "संपत, वाह्यातपना करू नगंस."

आता तालमींचं सांगतो. आमच्याकडं नाटकातली बाई बाहेरून आणायची पद्धत. पुण्याहून नाही तर नगरहून. त्या बाई शेवटच्या एक-दोन तालमींना येणार, काम करणार आणि परत जाणार. मग महिनाभर तालमीत त्यांच्या जागी कोण? इंदूकाकू. तालमी गिरणीतच व्हायच्या. एका बाजूला दळणाचे डबे, दुसऱ्या बाजूला आम्ही. काकू कोपऱ्यात पोत्यावर बसून, पुस्तक न उघडता, राणीचं म्हणायच्या, सुनेचं म्हणायच्या, फौजदाराला शाप देणाऱ्या विधवेचं म्हणायच्या. सगळं बसल्या जागी, हळू आवाजात, धान्य निवडता निवडता. फौजदार मी होतो. त्या शापाच्या वेळी माझ्या अंगावर काटा आला होता, आणि त्यांचं लक्ष सुपातल्या खड्यांकडं होतं. पुण्याच्या बाई येऊन उभ्या राहिल्या की आम्हाला सगळ्यांना एकच वाटायचं. पण ते बोलायचं नसतं, म्हणून कुणी बोलायचं नाही.

त्या बाया उतरायच्या काकूंच्याच घरी. काकू त्यांना मासवड्या करून घालायच्या, त्यांचे केस विंचरून द्यायच्या, साडीच्या निऱ्या धरायच्या. एकदा एक बाई जेवता जेवता म्हणाल्या, "काकू, तुम्हाला तर सगळं पाठ आहे. तुम्हीच का नाही हो करत काम? मला कशाला आणता एवढ्या लांबून?" आम्ही चार-पाच जण पंगतीला होतो. काकू चुलीपाशी होत्या. त्यांनी मान वळवून काकांकडं बघितलं. मला ते बघणं अजून आठवतं. काका भाकरी मोडत म्हणाले, "आमच्यात चालत न्हाई, बाई. आपल्या घरातल्या बाईनं त्वांडाला रंग लावायचा न्हाई." पुण्याच्या बाईंच्या तोंडाला रंग चालतो आणि घरातल्या बाईच्या चालत नाही, हे त्या बाईंसमोरच बोलतोय, एवढंही काकांच्या लक्षात आलं नाही. काकू वळल्या आणि त्यांनी पुढची भाकरी थापायला घेतली. ती भाकरी पार पातळ झाली आणि तव्यावर टाकताना फाटली.

त्यांना काम करायचं होतं. हे मी अंदाजानं सांगत नाही. एकदा गिरणीत दळण थांबलेलं असताना त्या मला म्हणाल्या होत्या, "संपत, एकदा. जास्त न्हाई. एकदा उभं ऱ्हायचं हाय मला." कुठं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही.

वर्षं गेली. काका म्हातारे झाले, गुडघे धरले, नायकाची कामं सोडून दिग्दर्शन करायला लागले. गावातल्या पोरींनीही कामं करायला सुरुवात केली. ओतूरच्या कॉलेजात जाणारी मंडळातली रेश्मा दोन वर्षं छोटी कामं करत होती, आणि कुणाच्या घरावर आभाळ कोसळलं नव्हतं. पण मोठ्या कामाची बाई अजून बाहेरूनच यायची. काकू अजून डाव्या विंगेतच होत्या. केस पिकले होते, बॅटरीबरोबर चष्मा आला होता.

त्या वर्षीचं नाटक आमच्यातल्याच एकानं लिहिलेलं होतं, धरणात जाणाऱ्या गावाचं. आमच्या आंबेगाव तालुक्यात खुद्द आंबेगावच धरणात गेलेलं, त्यामुळं हा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नाटकात एक म्हातारी आई आहे. सगळं गाव उठतं, ती उठत नाही. तिला घर सोडायची नोटीस द्यायला साहेब येतो. साहेब कोण, हे सांगायला नकोच. रेश्माला म्हातारीच्या सुनेचं काम. आणि आईच्या कामाला पुण्याच्या बाई ठरल्या होत्या.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला. कुठल्याशा मालिकेचं शूटिंग लांबलंय, येता येत नाही. काकांनी फोन ठेवला आणि ते रंगमंचाच्या पायरीवर बसले. नाटक सातला. बिबट्यामुळं आता नाटक दिवस मावळताच सुरू करावं लागतं. मळ्यातली माणसं नऊ वाजले की पोरांना मधे घेऊन घोळक्यानं उठायला लागतात. वेळ पुढं ढकलायची सोय नव्हती.

आम्ही सगळे तिथं होतो. कुणीच काही सुचवत नव्हतं, आणि सगळ्यांच्या मनात एकच नाव होतं. काकू विंगेत बारदान अंथरत होत्या. काका उठले, लंगडत विंगेपाशी गेले. त्यांनी घसा खाकरला.

"इंदे, जमंल का तुला?"

काकू उठून उभ्या राहिल्या. "लुगडं कुठलं नेसू?" एवढंच म्हणाल्या.

रेश्मानं त्यांच्या तोंडाला रंग लावला. पिकलेल्या केसांना पांढरा रंग लावायची गरज नव्हती. नऊवारी नेसून, बांगड्या मोकळ्या सोडून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि पोरीसारख्या लाजल्या. आम्ही सगळे नुसते हुरळून गेलो होतो. मंडळातला एक जण तर म्हणाला, "राव, आज गावाला कळंल." आम्हाला खात्री होती. महिनाभर गिरणीत हेच काम आम्ही ऐकत होतो. ते ऐकून माझ्यासारख्या ठोकळ्याचं काम सुधारलं होतं. पाठांतराची चिंता नव्हती, आणि आवाजाची चिंता तर कुणाच्या स्वप्नातही आली नाही. ज्या बाईचा आवाज गिरणीच्या घरघरीवरून रस्त्यापलीकडं जातो, तिच्या आवाजाची काळजी कोण करील?

पडदा उघडला. म्हातारी घरात एकटी, धान्य निवडते आहे. काकूंनी पहिलं वाक्य म्हटलं.

मी विंगेत होतो, एन्ट्रीच्या तयारीत. मला ते स्वच्छ ऐकू आलं. पण मैदानात काहीच हालचाल झाली नाही. काकूंनी दुसरं वाक्य म्हटलं. तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज!" साउंडवाल्यानं बटण वाढवलं, माइकनं शिटी मारली, त्यानं परत कमी केलं. "काकू, आवाज!" आता दोन-तीन बाजूंनी.

काकूंचा आवाज विंगेतला होता. नाटकाचे शब्द त्यांच्या तोंडून इतकी वर्षं एकाच रीतीनं बाहेर पडले होते, नुसत्या श्वासावर, हातभर पोहोचतील एवढेच. बाजरी बारीक का जाड हे त्या ओरडून विचारू शकत होत्या. नाटकाचं वाक्य त्यांना ओरडता येत नव्हतं. त्या जोर लावत होत्या, गळ्याच्या शिरा दिसत होत्या, पण येत होती ती कुजबुजच.

मी नोटीस घेऊन स्टेजवर गेलो. दोन वाक्यं बोलून मला थांबायचं होतं, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर लावायचा होता. मी थांबलो आणि चष्म्यात केस अडकला म्हणून खाली बघितलं. काकूंनी मला शब्द दिला. म्हातारीच्या वेशात, लोकांसमोर, समोरासमोर उभ्या असताना, "नोटीस" असं हळूच म्हणाल्या. पहिल्या रांगेतल्यांनी त्यांचे ओठ बघितले आणि हशा पिकला. त्यानंतर मी बोलत असतानाही काकूंचे ओठ हलत राहिले. माझं वाक्य, मग त्यांचं, मग माझं. त्यांना कळतच नव्हतं. "काकू, इंगेत जा की!" एक जण ओरडला. माणूस वाईट नव्हता, रोज त्यांच्याकडंच दळण आणणारा होता.

आणि एवढ्या गोंधळात त्या काम करत होत्या. हे मला सांगायचंय, कारण हे सांगणारा मी एकटाच आहे. नोटीस वाचून झाल्यावर म्हातारी साहेबाला म्हणते, "सायेब, वाचून झालं आसंल तर बसा. उन्हाचं आलात. च्या घेऊन जा." तालमीत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं होतं. त्या दिवशी काकूंनी ते माझ्या डोळ्यांत बघून म्हटलं, आणि मला खरोखर वाटलं की मी एका बाईचं घर बुडवायला आलोय आणि ती माझ्या तहानेची काळजी करते आहे. माझं पुढचं वाक्य मला सुचेना. तेही त्यांनीच दिलं. पहिल्या रांगेपर्यंतही जे पोहोचलं नाही ते माझ्यापर्यंत पोहोचलं. एवढं चांगलं काम मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि ते फक्त मी ऐकलं, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

अंक कसाबसा संपला. पडद्याआड काका भिंतीला टेकून उभे होते. यात्रा कमिटीचा माणूस आला. "दत्तूशेठ, लोकं उठत्यात. बंद करा, ऑर्केस्ट्रा उभा हाये." काकांनी मान हलवली. हो म्हणाले का नाही ते कळलं नाही, पण ते नाही म्हणण्याच्या परिस्थितीत नव्हते.

"पडदा बंद ठिवा, पर नाटक बंद करू नका," काकू म्हणाल्या. हा आवाज गिरणीतला होता. सगळे वळले. काकू केसांतली पिन काढत होत्या. "रेश्मे, हिकडं ये. माझं लुगडं नेस."

"काकू, मला आईचं एक वाक्य येत न्हाई," रेश्मा रडायच्या बेतात होती.

"तुला यायची गरज न्हाई. तू त्वांड उघड, बाकीचं मी बगते. सुनेचं काम काढून टाका, दुसऱ्या अंकात ते न्हाईतरी काय कामाचं न्हाई."

लेखक तिथंच उभा होता. त्यानं सुनेच्या वाक्यांवर काट मारली.

काकूंनी बांगड्या वर चढवल्या, रुमाल बांधला आणि तोंडाला रंग तसाच ठेवून डाव्या विंगेत बसल्या. दुसरा अंक सुरू झाला. त्या दिवशी त्यांनी आपला पहिला नियम मोडला. शब्द नाही, अख्खी वाक्यं दिली, एकामागून एक, सगळी. नुसती वाक्यं दिली असं नाही. वाक्य कुठं मोडायचं, कुठं रागानं टाकायचं, कुठं घोट गिळायचा, हे त्या कुजबुजीतच होतं. रेश्मा विंगेच्या जवळच राहिली आणि कानावर येईल ते म्हणत गेली. अर्ध्या अंकात मैदान शांत झालं. उठलेली माणसं खाली बसली. शेवटी म्हातारी उंबऱ्यावर बसते तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

टाळ्या पडल्या त्या रेश्माला. पोरगी गुणाची, तिनं काकूंना पुढं ओढायचा प्रयत्न केला. काकू आल्या नाहीत. मला वाटतं, त्यांना टाळ्यांचं काही वाटलंही नसेल. नाटक शेवटपर्यंत गेलं पाहिजे, एवढीच त्यांची नाटकाची व्याख्या होती, आणि ते गेलं होतं.

लोक पांगल्यावर मी विंगेत गेलो. काकू बारदानावरच बसल्या होत्या. तोंडावरचा रंग गालावरून खाली ओघळला होता. माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "माझा आवाज कुठं गेला रं, संपत?"

 मी बॅटरी उचलून बंद केली.

पुढचे कितीतरी दिवस गावानं त्यांची चेष्टा केली. गिरणीत डबा ठेवताना लोक हळूच कुजबुजून म्हणायचे, "काकू, गहू हायेत." काकू ओरडून म्हणायच्या, "दिसत्यात की! ठिव तिकडं!" आणि सगळे हसायचे. त्याही हसायच्या. पण त्यांना लागलं होतं. या आवाजाचं करायचं काय, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. आवाज होता. रोज होता. त्यांना तो हवा तिथं मात्र येत नव्हता.

पोळ्याच्या सुमारास एकदा मी गिरणीत गेलो होतो. गिरणीच्या मोटारीच्या बेअरिंगचा आवाज ऐकून बघायला काकांनी बोलावलं होतं. दळण नव्हतं. काका खुर्चीवर, काकू गिरणीच्या झिजलेल्या दगडाला टाकी लावणाऱ्या माणसाची वाट बघत दारात. बोलता बोलता काका म्हणाले, "औंदा पुन्याच्या बाईला आधीच बजावून ठिवावं लागंल. मागच्यासारखी फजिती नगं."

काकू दारातून आत आल्या. अगदी सरळ उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना काकांसमोर असं उभं राहिलेलं बघितलं नव्हतं.

"अवो, तुमी म्हनाला व्हता, आवाज भाईर येऊ देऊ नगं. न्हाई येऊ दिला. तुमच्या एका शब्दावर गिळला मी त्यो. आता त्यो भाईर कसा काढायचा, ते बी तुमीच सांगा."

 काकांनी टोपी काढली, परत घातली. मी बेअरिंगकडं बघत राहिलो. काकूंनी पिठाचा झाडू उचलला आणि जिथं पीठ सांडलेलंच नव्हतं तिथं झाडायला लागल्या.

दसऱ्याला मंडळाची बैठक झाली. नवं नाटक कुठलं, यावर चर्चा सुरू होणार तोच काका म्हणाले, "नवं न्हाई. मागचंच करायचं. आन् आईचं काम इंदू करील." एकदा झालेलं नाटक कुणी परत बघेल का, असं कुणीतरी पुटपुटलं. काका म्हणाले, "मागच्या टायमाला कुनी ऐकलंय?" 

ती यात्रा काकूंनी बघितली नाही. थंडीत त्यांना ताप आला, छातीत कफ भरला, मंचरच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून त्या परत आल्या नाहीत. त्याबद्दल मला फार काही लिहायचं नाही. मला त्यांची शेवटची म्हणून आठवते ती दिवाळीनंतरची एक दुपार.

त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं होतं. मी मोटारसायकलवरून घरी येत होतो. शाळेच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर आलो आणि मैदानात कुणीतरी बोलत असल्यासारखं वाटलं. गाडी बंद केली. मैदान रिकामं होतं. पार पलीकडं, भैरवनाथाच्या देवळाशेजारच्या सिमेंटच्या रंगमंचावर मधोमध काकू उभ्या होत्या. रंग नाही, पडदा नाही, विंगा नाहीत. अंगावर रोजचं लुगडं, त्याच्यावर पिठाची पांढरी पूड. आणि मैदानाच्या अलीकडच्या टोकाला, भिंतीला लागून, घरून आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत दत्तूकाका माझ्याकडं पाठ करून बसले होते. एक हात कानामागं.

काकू काहीतरी म्हणाल्या. मला नुसती ओठांची हालचाल दिसली.

काकांनी हात वर करून हलवला. "न्हाई आलं! परत!"

काकू परत म्हणाल्या. यावेळी एखाद-दुसरा शब्द वाऱ्यावर आला, बाकीचं तिकडंच राहिलं.

"अर्धंच आलं! परत म्हन!"

काकू थांबल्या. पदर कमरेला खोचला. एक पाय पुढं टाकला आणि श्वास घेतला. नाटकातलं म्हातारीचं शेवटचं वाक्य होतं. "दार मी लावनार न्हाई! पान्याला यायचं आसंल, तर त्यानं समोरनं यावं!"

मैदान ओलांडून, काकांना ओलांडून, भिंत ओलांडून ते माझ्यापर्यंत आलं. देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडाली. मी काकांच्याही मागं होतो, आणि मला शब्दन् शब्द ऐकू आला.

 काकांनी कानामागचा हात खाली घेतला, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि तोच हात पुन्हा वर केला.

"न्हाई आलं, इंदे," ते ओरडले. "आजून एकदा म्हन."